पाण्यातलं जस्त

बाई,

आज मला तुमचा फार राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये, कळतं मला. पण जिवंत माणसांवर रागावून झालंय. आईवर झालं, वहिनीवर झालं, सकाळी दूधवाल्यावरही झालं, तो बिचारा रोजच्यासारखंच दूध घालत होता. आता तुम्हीच उरलात. आणि खरं विचाराल तर या सगळ्याची सुरुवात तुम्हीच केलीत. त्या उन्हाळ्यात रिक्षा करून आमच्या वस्तीत आला नसतात, तर मी आज कुठल्यातरी गिरणीत मुकाट्यानं पाळ्या करत असते, सुट्टीत वहिनीसोबत कुरडया घातल्या असत्या, आणि या लांबलचक कागदावर नाक टेकवून बसले नसते.

दुपार आहे, मे महिना आहे, आणि मी कोराडीला दादाच्या क्वार्टरमध्ये आहे. दादा इथल्या पॉवर हाउसमध्ये लागला तेव्हापासून आई आणि मी त्याच्याकडेच असतो. मी बसनं शहरात कॉलेजला शिकवायला जाते-येते. खिडकीतून पॉवर हाउसच्या चिमण्या दिसतात आणि घरात लाईट गेलेली आहे. वीज दारात तयार होते आणि आमचा कूलर बंद! दादाला असं काही बोललं की तो फुगून बसतो, जणू मी त्याच्या सासरला नावं ठेवली. बाजेवर माझा आलेखाचा कागद पसरलाय, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, दादाचा टिफिन आणि तुमची टेस्ट ट्यूब ठेवली आहे, उडू नये म्हणून. त्या ट्यूबमध्ये आता लवंगा आहेत. त्याचं पुढं सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते, त्यामुळं मी आता काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. मी तुमचंच काम करते बाई, रसायनाच्या प्रयोगशाळेतलं सॉल्ट ॲनालिसिस, कशात काय मिसळलंय ते ओळखायचं, फक्त टेस्ट ट्यूब फार लांब आहे. क्वेसार म्हणून एक वस्तू असते. तुम्हीच एकदा वर्तमानपत्रातलं कात्रण आणून वर्गात वाचून दाखवलं होतं, नवीनच सापडली होती तेव्हा. ती इतकी लांब की तिचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा झालेली नव्हती, आणि इतकी झगझगीत की तो उजेड अजून इथवर पोचतो. वाटेत, दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत, विरळ वायूचे ढग लागतात. ते ढग स्वतः दिसत नाहीत. पण त्यांतलं प्रत्येक मूलद्रव्य त्या उजेडातले आपले ठरलेले रंग गिळून घेतं. उजेड पसरवून त्याचा आलेख काढला की जिथं रंग गिळला गेला तिथं खाच दिसते. ढग जितका लांब तितकी खाच तांबड्याकडे सरकते, म्हणून कुठली खाच कुठल्या ढगाची हे जुळवत बसावं लागतं. पण एकदा जुळलं की सांगता येतं, हा हायड्रोजन, हा कार्बन, हे सिलिकॉन. आपण प्लॅटिनमची तार ज्योतीत धरायचो, पिवळा रंग आला की तुम्ही मागून ओरडायचात, "सोडियम! पुढं!" तसंच हे, फक्त आलेल्या रंगावरून नाही, गेलेल्या रंगावरून. जिथं कुणी कधीच पोचणार नाही तिथल्या वायूत काय मिसळलंय हे बाजेवर बसून कळतं. तुम्ही असतात तर चहा विसरून बसला असतात माझ्या शेजारी.

आता घोळ ऐका. या ढगांत एक जात अगदी विरळ असते. त्यांच्या हायड्रोजनच्या खाचा आलेखावर गवतासारख्या दाट उगवलेल्या असतात. पुस्तकं म्हणतात, या ढगांत दुसरं काहीच नाही. कार्बन, सिलिकॉन, लोखंड हे सगळं ताऱ्यांच्या पोटात शिजतं, तारा फुटला की बाहेर उडतं. म्हणजे ती ताऱ्यांची राखच. आणि ही राख या ढगांपर्यंत पोचलेलीच नाही, ते विश्वाच्या पहिल्या दिवशी होते तसेच आहेत, असं सगळे म्हणतात. शुद्ध. कुणाचाही हात न लागलेले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. कोराडीत कोळशाच्या चिमण्यांखाली राहणाऱ्या बाईला सांगता, राख पोचली नाही म्हणून! आई गच्चीवर कुरडया घालते, वर जुनं लुगडं पसरते, लुगड्यावर अजून एक लुगडं, तरी संध्याकाळी कुरडईवर बोट फिरवलं की करडं होतं. आई म्हणते, "कुठून येते वं ही, दार लावलं तं फटीतून येते." आणि शुद्ध म्हणजे काय हे आमच्या घराला कुणी शिकवायला नको, छप्पन साली धम्म घेईपर्यंत आमच्या बापजाद्यांनी ते पुष्कळ ऐकलेलं आहे. तर मी ठरवलं, शोधायचं. असल्या एका तरी ढगात कार्बन काढून दाखवायचा.

आणि एका ढगात मला तो दिसला. कार्बनची खाच एकटी येत नाही, दोघी बहिणी येतात, एक थोरली, खोल, आणि एक धाकटी, उथळ, दोघींमधलं अंतर ठरलेलं. थोरली आहे. धाकटी एका रात्री घेतलेल्या आलेखात आहे असं वाटतं, दुसऱ्या रात्रीच्या आलेखात त्या जागी नुसती थरथर आहे. धाकटी पक्की नसेल तर थोरलीही कार्बन नसेल, वाटेतल्या दुसऱ्याच कुठल्या जवळच्या ढगाचं भलतंच काहीतरी असेल. माझे मार्गदर्शक दक्षिणेत एका संस्थेत असतात, भले गृहस्थ आहेत, त्यांनीच परदेशातून हे आलेख मिळवून दिले. ते म्हणाले, बाकी सगळं लोकांनी आधी करून ठेवलंय, तुमचं स्वतःचं असं एवढंच आहे. ही जोडी असेल तर प्रबंध आहे. आणि माझी पीएच.डी.ची नोंदणी या महिन्यात संपते. एकदा मुदत वाढवून झाली, आता वाढणार नाही. सोमवारच्या टपालानं निकालांचा तक्ता निघायला हवा. त्या ढगाच्या पुढच्या रकान्यात एक शब्द लिहायचाय, आढळली किंवा आढळली नाही, आणि त्या एका शब्दावर माझी इतकी वर्षं टांगलेली आहेत. सगळ्या सुट्ट्या, दक्षिणेकडचे ते रिझर्व्हेशन नसलेले प्रवास, आलेली स्थळं परत पाठवली ती, आईचं मन मोडलं ते. आता अडतिसावं आहे बाई. परत नव्यानं काही उभं राहायचं नाही माझ्याच्यानं.

माझं काय झालंय सांगू? मी घरातल्या सगळ्यांना भिंग देऊन बसवलं. आधी दादा. तो ड्यूटीवरून आलेला, बूटही काढले नव्हते. म्हणाला, "तुले दिसून राह्यली ना? मंग लिव्ह ना. आमच्याकडे काटा हालला तं लिवतो आम्ही, नाही हालला तं नाही लिवत." मी म्हटलं, काटा हलतोय की बघणाऱ्याची मान हलतेय हेच कळत नसेल तर? "मंग चहा पे आन् झोप," म्हणाला. मग वहिनी. ती भिंगातून बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमी बोट ठेवलं का तिथं दिसते. बोट काढलं का नाही दिसत." मी तिच्या अंगावर ओरडले. मग आई. आई म्हणाली, "दिसते वं माय, चांगल्या दोन दोन दिसतात!" माझा जीव भांड्यात पडला, आणि पाहते तर तिनं कागद उलटा धरलेला, आणि ती घडीच्या रेघेकडे बोट दाखवत होती. मी कागद ओढून घेतला. "काहून वं अशी करतेस?" आई म्हणाली. "जेवून नाही राह्यली, झोपून नाही राह्यली, बह्याड झाली का तू?" मी काय सांगणार, झाले म्हणून? मला फक्त एक माणूस हवं होतं जे कागद बघून आहे किंवा नाही म्हणेल आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणणार नाही. असं एकच माणूस मला माहीत होतं. म्हणून तुमचा राग आला.

आणि राग आला तसा तो दिवसही आठवला. वार्षिक परीक्षेच्या आधीचं प्रॅक्टिकल. सगळ्या पोरींना माहीत असायचं की कुठल्या नळीत कुठलं मीठ आहे ते लॅबच्या माणसाकडून आधीच काढून घेता येतं. मग निकाल आधी लिहायचा आणि निरीक्षणं मागून भरायची. तुम्हालाही ते माहीत होतं. म्हणून तुम्ही त्या दिवशी कुणालाच न सांगता सगळ्यांच्या नळ्यांत नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरून ठेवलं. आम्ही सगळ्या माना खाली घालून कामाला लागलो. वायू बनवणाऱ्या किपच्या उपकरणातून सडक्या अंड्यांचा वास येतोय, पदर नाकाला लावलाय, पंखा बंद केलाय कारण बर्नर विझतात, आणि घाम हातावरून टेस्ट ट्यूबवर उतरतोय. माझ्या नळीत काहीच निघत नाही. धातूंचा पहिला गट नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. चौथ्या गटाला अमोनियावर वायू सोडला, आणि तळाशी, अगदी बघता बघता, एक पांढुरका गढूळपणा आला. दुधाचा थेंब पाण्यात पडावा इतका. मी नळी काळ्या कागदापुढं धरली, परत धरली. आणि लिहिलं, जस्त.

तुम्ही निकाल वाचायला घेतलेत आणि हसून हसून तुमचा चष्मा नाकावरून घसरला. पाण्यात जितक्या पोरी तितके धातू निघाले होते. एकीनं तर तांबं काढलं होतं, निळा टिपूस नसताना! "पाणी होतं गं बयांनो, साधं पाणी!" सगळ्या लाजल्या, फिदीफिदी हसल्या, कबूल करून मोकळ्या झाल्या. मी तेवढी उभी राहिले. म्हटलं, मला दिसलं बाई. "काय दिसलं?" पांढरं. "पाण्यात?" हो. तुमचं हसू गेलं. तुम्ही म्हणालात, "हे बघ, खोटं लिहिणाऱ्या पोरी मला चालतात, त्या सुधारतात. पण नसलेलं डोळ्यांनी बघणारी मुलगी प्रयोगशाळेत नको. तिचं कुणीच काही करू शकत नाही." तुमच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते, तेच बोट माझ्याकडे रोखलेलं होतं. मी खाली बसले. आणि मागच्या बाकावरून एकजण बाजूचीला म्हणाली, फार हळू नाही, "हिचा हात लागला ना, म्हणून निघालं असन." दोघी-तिघी हसल्या. तुम्ही तेव्हा फळ्याकडे वळत होतात.

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. कॉलेज सुटलं, सुट्ट्या लागल्या. मी ठरवून टाकलं होतं की आता पुढं शिकायचं नाही, बाबांना सांगायचं की गिरणीत कुणाला तरी विचारा माझ्यासाठी. आणि एका दुपारी, असल्याच उन्हात, जरीपटक्याच्या पलीकडे आमच्या वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि तुम्ही उतरलात. छत्री, पर्स, घामानं डबडबलेला चेहरा. पोट्टे मागं लागले, "मास्तरीणबाई आली, मास्तरीणबाई आली!" तुम्ही महालातल्या, वरच्या जातींच्या जुन्या वस्तीतल्या, तुमच्याकडचं कुणी आमच्या वस्तीत पाऊल टाकताना मी पाहिलेलं नव्हतं. आईची तर गाळणच उडाली. तुम्ही दारातल्या बाजेवर बसलात आणि आई आत माठाजवळ गडवा हातात धरून उभी. मला खुणेनं बोलावून विचारते, "देऊ का वं? पेतीन का त्या?" तुम्ही बाहेरून म्हणालात, "अहो, द्या लवकर, जीव चाललाय माझा!" गडवा तोंडाला लावून प्यालात, आणि अजून मागितलंत.

मग पर्समधून रुमाल काढलात, रुमालातून टेस्ट ट्यूब, बूच बसवून वर मेण लावलेलं. तळाशी पांढरा थर. "होतं वं पोरी," तुम्ही म्हणालात. वर्गात कधी तुमच्या तोंडून 'वं' ऐकलं नव्हतं. "जस्त होतं. पाणी कमी येत होतं, डिस्टिल्डची बाटली रिकामी झाली होती, ती गच्चीवरच्या टाकीतून भरली होती. टाकीचा पाइप नवा, जस्ताचा मुलामा दिलेला. मी परत करून बघितलं. तू पाहिलंस ते खरं होतं. मी तुला बोलले ते चूक." आणि रिक्षावाला घाई करायला लागला तेव्हा उठता उठता म्हणालात, "पण ते पाण्याचं नव्हतं, पाइपाचं होतं. दिसलं ते एक, आणि कुठून आलं ते दुसरं. दोन्ही सोडायचं नाही." मी तुमच्या पायाशी वाकले तर तुम्ही खांद्याला धरून उभं केलंत. रिक्षा वळेपर्यंत मी रस्त्यात उभी होते, पाय भाजत होते, चप्पल घालायचं सुचलं नव्हतं.

आईनं ती गोष्ट आयुष्यभर सांगितली. पण काय सांगितलं? "बाईनं आमच्या माठातलं पाणी पेलं, एक गडवा पेला, वरून मांगतला." पाहुण्यांना, शेजारणींना, वहिनी नवी आली तेव्हा तिला. दर वेळी मी चिडायचे. अगं, पाण्याचं काय कौतुक, त्या जस्ताचं सांगायला आल्या होत्या! एक मोठी बाई उन्हात येऊन म्हणाली की तुझे डोळे बरोबर आहेत, हे सांग ना लोकांना! आई म्हणायची, "ते तुले समजते, मले पाणी समजते." त्या एका 'होतं'वर मी एम.एस्सी. केली बाई. रसायन सोडून पदार्थविज्ञानात गेले तेव्हाही तुम्ही रागावला नाहीत. कुणी काही बोललं, कुणी हसलं, की मी मनात म्हणायचे, मला जे दिसतं ते असतं. तुम्ही गेल्याचं मला कॉलेजच्या फळ्यावर कळलं. शोकसभा, आणि दुपारनंतर सुट्टी. पोरं सुट्टी मिळाली म्हणून जिन्यातून उड्या मारत उतरत होती आणि मी भिंतीला धरून उभी होते.

आता खरं विचारते. त्या मागच्या बाकावरचं वाक्य तुम्ही ऐकलं होतं का? आधी हा प्रश्न मला कधी पडला नाही, या आठवड्यात पडला, आणि पडल्यापासून मी जेवलेली नाही. ऐकलं असेल, तर तुम्ही आमच्याकडे जस्तासाठी आला होतात की त्या वाक्यासाठी? पाणी मागून प्यालात ते तहान लागली म्हणून की आईनं पाहावं म्हणून? आणि तो पांढरा थर? चिमूटभर मीठ टाकायला किती वेळ लागतो! कॉलेज उघडल्यावर तुम्ही वर्गात त्याविषयी चकार शब्द काढला नाहीत. मोठ्या बाटलीवर मात्र तुमच्या अक्षरातली चिठ्ठी लागली होती, 'तपासून वापरा'. ती चिठ्ठी पाइपासाठी होती की आम्हा पोरींसाठी? मी स्वतःला सांगते की तुम्ही असं करणाऱ्या नव्हतात. मग लगेच वाटतं, चांगली माणसंच करतात असं. हात जोडते बाई, सांगा. तुम्ही जर दयेपोटी 'होतं' म्हणाला असाल, तर मी इतकी वर्षं कशाच्या भरवशावर डोळे फोडून घेतले? आणि तपासायला आता काही उरलेलं नाही. मी कॉलेजात असताना आईनं माळा आवरायला काढला, ती ट्यूब सापडली, "काहीतरी घाण साचली होती" म्हणून राखेनं घासून लख्ख केली आणि लवंगा भरून ठेवल्या. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आज आईच्या अंगावर धावून गेले त्याच्यासाठी. इतक्या वर्षांनी! ती घाबरून म्हणाली, "मले काय मालूम वं, काचेची नळी त होती."

इथवर लिहून पत्र बाजूला ठेवलं, रडले, मग तोंड धुतलं, आणि मग तुमचाच डाव स्वतःवर टाकला. शहरातून, बर्डीवरून, आलेखाची झेरॉक्स काढून आणलेली होती. वहिनीला बोलावलं, सकाळी ओरडले होते त्याबद्दल माफी मागितली, आणि कात्री हातात दिली. म्हटलं, यातून जिथं काही नाही अशा जागांच्या सारख्या पट्ट्या काप, आणि त्यांत ही एक खरी जागा मिसळ, मागच्या बाजूला काय ते लिहून ठेव, मला दाखवू नकोस. थोरलीचा भाग पट्टीत येऊ द्यायचा नाही, फक्त धाकटीची जागा. ती म्हणाली, "म्हणजे तुमाले फसवाचं का?" म्हटलं, हो, फसव मला. तिनं जेवणं झाल्यावर शांतपणे बसून कापल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या, आणि एकेक माझ्यापुढं ठेवत गेली. मी भिंग लावून बघत होते, धाकटी आहे, धाकटी नाही, म्हणत होते. वहिनी तोंडावर काही दिसू देत नव्हती. मला वाटतं माझ्यापेक्षा ती बरी शास्त्रज्ञ झाली असती, पण तिला विचारलं कुणी!

पट्ट्या उलटल्या. खऱ्या जागेला मी 'आहे' म्हटलं होतं. मग बाकीच्या उलटल्या. जिथं काहीच नव्हतं अशा कितीतरी पट्ट्यांवरही मी 'आहे' म्हटलं होतं. नुसत्या थरथरीत मला धाकटी दिसत होती, सगळीकडे दिसत होती. वहिनी म्हणाली, "ताई, परत करून पाहू का? तुमी दमल्या असान." मी परत केलं. परत तसंच. तिनं पट्ट्या गोळा केल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान पोरीच्या फिरवतात तसा. मला तो हात झटकायचा होता, झटकला नाही.

तर बाई, तक्ता लिहिला. त्या ढगाच्या पुढं, कार्बनच्या रकान्यात, 'आढळली नाही' असं लिहिलं. आता यात माझं असं काही राहिलं नाही, मार्गदर्शक काय म्हणतील ते मला पाठ आहे. नोंदणी जाईल. जुलैत कॉलेज उघडेल, मी बसनं जाईन, पहिल्या वर्षाला व्हर्नियरवर मोजमाप शिकवीन. दादा पाकीट घेऊन पोस्टात गेलाय. जाताना विचारलं, "मंग? हालला का काटा?" मी म्हटलं, नाही. "मंग बरोबर लिवलं," म्हणाला आणि सायकलवर बसला. लाईट आली, कूलर सुरू झाला, आई पन्हं घेऊन आली आणि पेला माझ्या बाजूला ठेवून गेली. हे पत्रही पाकिटात घालावं असं क्षणभर वाटलं होतं. पण पत्ता काय घालणार, आणि वस्तीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून 'होतं वं पोरी' म्हणायला आता कोण येणार आहे?

एक सांगायचं राहिलं. वहिनीनं पट्ट्या चुलीत घालायला नेल्या तेव्हा मी त्यांतली धाकटीच्या खऱ्या जागेची एक काढून घेतली. लवंगा डब्यात ओतल्या, तुमची ट्यूब पदरानं पुसली, पट्टी गुंडाळून आत सरकवली आणि बूच लावलं. आईनं विचारलं, काय ठेवलंस वं त्यात? मी म्हटलं, काही नाही, घासू नकोस. तक्त्यात लिहिलं ते खरंच लिहिलं, दाखवता येत नाही ते लिहायचं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते बाई. आहे ती.